गीझर पेटत नाही, हात कुणी लावायचा?

महाड-पोलादपूर पट्ट्यात अंघोळीचं पाणी तापवायची रीत एका पिढीत बदलली. परसातल्या चुलीवरचा हंडा आणि मागच्या पडवीतला तांब्याचा बंब मागे पडला, बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गीझर आला. वीज गेली तरी तो दोन सेलवर पेटतो, म्हणून पावसाळ्यात वरचेवर अंधारात बसणाऱ्या गावांना तो सोयीचा वाटला. पण जून लागला की तक्रारी सुरू होतात: गीझर पेटत नाही, पेटला तर टिकत नाही. अशा वेळी काय करावं, याबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. गॅसला घरच्या माणसानं हात लावूच नये, हे एक. घरच्या माणसाला त्यातलं कळलंच पाहिजे, हे दुसरं. ही दोन मतं इथे काका-पुतणीच्या तोंडी घातली आहेत. काका महाडच्या बाजारपेठेत शेगड्या आणि गीझर दुरुस्त करणारे, पुतणी पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरगावातली विज्ञानाची शिक्षिका. पात्रं कल्पित आहेत, वाद खरा आहे.

काका: माझं म्हणणं सरळ आहे. गीझर पेटला नाही तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि मिस्त्रीला फोन करावा. गॅसचं काम घरच्यानं करायचं नाही. हात भाजून दुकानात आलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुतणी: फोन करावा, पण तो लागला तर पाहिजे ना, काका? जुलैत दरड आली की आमच्याकडे रस्ता बंद, टॉवर बंद. मिस्त्री वर यायला कधी कधी आठवडा जातो. त्या आठवड्यात घरात बाळंतीण असते, म्हातारं माणूस असतं. मग घरातलं कुणीतरी काडेपेटी घेऊन गीझरसमोर उभं राहतं. माहिती नाही म्हणून माणूस हात लावायचा थांबत नाही, तो नको तिथे हात लावतो.

काका: काडी ओढणं तर सगळ्यांत वाईट. आतला व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर तोवर गॅस साठलेला असतो. एकदम भडका होतो आणि ज्वाळा तोंडावर येते.

पुतणी: हे त्यांना ठाऊक असतं तर काडी ओढली असती का? तुम्ही एकदा सांगाच, नळ सोडल्यापासून गीझर पेटेपर्यंत आत काय काय होतं.

काका: सांगतो. गीझरला आधी पाणी लागतं, गॅस नंतर. नळ सोडला की आत येणारं पाणी रबराच्या एका पडद्याला ढकलतं. त्याला आम्ही डायफ्रॅम म्हणतो. तळहाताएवढा पातळ रबर असतो, मधोमध एक पत्र्याची चकती आणि तिला टेकलेली पिन. पाण्याचा दाब पुरेसा असला तर पिन सरकते, एक छोटा स्विच दबतो, सर्किटला सेलची वीज मिळते. लगेच बर्नरजवळच्या कांडीवर टिकटिक करत ठिणग्या पडू लागतात आणि गॅसचा विजेवरचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नर पेटला की शेजारची दुसरी कांडी ज्योत आहे की नाही ते ओळखते. ज्योतीतून अगदी बारीक वीजप्रवाह वाहू शकतो, त्यावरून. काही सेकंदांत ज्योत सापडली नाही तर सर्किट व्हॉल्व्ह बंद करून टाकतं.

पुतणी: म्हणजे पाणी, पडदा, स्विच, ठिणगी, गॅस, ज्योत, ज्योतीची खात्री. या क्रमात गाडी कुठे अडली एवढं पाहिलं तरी निम्मं निदान झालं.

काका: निदान झालं, दुरुस्ती नाही.

पुतणी: मान्य. आधी निदानाचंच बोलू. नळ सोडला आणि टिकटिकच ऐकू आली नाही, तर?

काका: तर गॅसचा प्रश्नच नाही. एक तर पाण्याला जोर नाही, नाहीतर सेल संपले. पावसाळ्यात निम्म्या तक्रारी यातच निघतात, हे मी नाकारत नाही. सेलचं झाकण उघडलं की पट्ट्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली दिसते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंती ओलसर आणि बाथरूममधली वाफ वेगळी. पट्ट्या धरणारच. गीझर बंद ठेवून त्या कोरड्या फडक्यानं, बारीक पॉलिश पेपरनं घासायच्या आणि दीड-दीड व्होल्टचे दोन मोठे नवे सेल एकदमच घालायचे. एक नवा, एक जुना असं करायचं नाही.

पुतणी: आणि पाण्याचा जोर?

काका: तुमच्या गावात तोच खरा घोळ आहे. दहा मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. कौलारू घराशेजारी स्टँडवर टाकी, ती गीझरच्या वर दीड मीटर. मग दाब किती?

पुतणी: दीड दशांश किलो. 0.15.

काका: बरेच गीझर त्यावर पेटत नाहीत. किती दाब हवा ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ते विकत घेताना कुणी वाचत नाही. त्यातून मधल्या पाइपात वाकणं चार, पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी, आणि पावसाळ्यात झऱ्यावरून येणारं पाणी गढूळ. ती जाळी लाल मातीनं लिंपून जाते. पाण्याचा कॉक बंद करून जाळी काढायची, जुन्या दातांच्या ब्रशनं धुवायची आणि परत बसवायची. हे घरच्यानं करायला माझी हरकत नाही.

पुतणी: बघा, एकेक काम तुम्ही घरच्याच्या पदरात टाकताय.

काका: पाण्याचं आणि सेलचं काम. गॅसचं नाही.

पुतणी: आमच्या शेजारी गीझर पेटतो, पण अंघोळीच्या मध्येच विझतो. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं सर्किट बदलायला सांगितलं. मी पाहिलं तर त्या घरात पाणी फार गरम येतं म्हणून गारचा नळही सोडतात. टाकी तीच, पाइप तोच. गारचा नळ उघडला की गीझरकडचं पाणी कमी पडतं, पडदा मागे सरकतो आणि गीझर विझतो. गॅसची कळ कमी करून गारचा नळ बंद ठेवा म्हटलं, तर थांबला त्रास. सर्किटचे पैसे वाचले. घरात क्रम माहीत असता तर पहिल्या मिस्त्रीलाच त्यांनी विचारलं असतं, की बिघाड सर्किटात आहे हे कशावरून?

काका: तसा प्रश्न विचारलेला मलाही आवडेल. पण पुढचं ऐक. टिकटिक येते, ज्योत नाही. आता काय समजशील?

पुतणी: ठिणगी आहे, गॅस पोचत नाही. सिलिंडर रिकामा असेल, रेग्युलेटर बंद असेल. नुकताच सिलिंडर बदलला असेल तर नळीत हवा असेल.

काका: बरोबर, आणि इथेच घरच्याची हद्द संपते. रेग्युलेटर चालू आहे का ते बघ, त्याच सिलिंडरवर शेगडी असेल तर तिची ज्योत नीट आहे का ते बघ. नळीत हवा असेल तर एक-दोनदा नळ बंद करून पुन्हा सोडला की ती निघून जाते. मात्र दोन प्रयत्नांच्या मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबायचं, आत जमलेला गॅस निघून गेला पाहिजे. तरीही नाही पेटला तर व्हॉल्व्ह अडकला असेल, जेटमध्ये कचरा असेल, बर्नरच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलं असेल. ते उघडायचं काम माझं. उघडून परत बसवलं की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते मी बघतो. घरचा माणूस ते विसरतो.

पुतणी: आणि पेटून लगेच विझला तर?

काका: ज्योत ओळखणाऱ्या कांडीवर काजळी धरलेली असते, कांडी वाकून ज्योतीबाहेर गेलेली असते, किंवा सेल इतके उतरलेले असतात की व्हॉल्व्ह धरून ठेवता येत नाही. उशिरा, ‘धप्प’ आवाज करून पेटत असेल तर एक दिवसही वापरू नये. ठिणगी अशक्त आहे किंवा जागेवर पडत नाही, आणि तेवढ्या वेळात गॅस साठतो आहे, असा त्याचा अर्थ. नळ बंद केल्यावरही ज्योत जळत राहिली तर रेग्युलेटर ताबडतोब बंद. पिन अडकलेली असते, पाणी नाही आणि आग चालू, अशी ती अवस्था.

पुतणी: एक कारण राहिलं, काका. हवा.

काका: ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

पुतणी: मुलांना हे गणित मी फळ्यावर करून दाखवलं आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा गीझर पूर्ण जोरात तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे 15 किलो हवा लागते, म्हणजे 12-13 घनमीटर. आता आपल्याकडची बाथरूम घ्या, चार फूट बाय पाच फूट, उंची आठ फूट. 160 घनफूट, म्हणजे साडेचार घनमीटर. वीस मिनिटांत गीझर जवळजवळ तेवढी सगळी हवा मागतो. बरेच गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. लोक त्याला बिघाड समजतात, नळ बंद करून पुन्हा सोडतात आणि वीस मिनिटं नव्यानं सुरू करतात. घरातली चार माणसं एकामागून एक अंघोळ करतात, दार बंद. आणि पावसाची झड आत येते म्हणून झरोक्याला प्लास्टिक ठोकलेलं.

काका: थंडीत त्याच झरोक्याला पुठ्ठा.

पुतणी: ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून थोडाच खाली आला तरी ज्योत बिघडते. निळी ज्योत पिवळी, लांबट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसगळतीचा वास येतो, कारण तो वास कंपनीनं मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तशी काही सूचना नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं हा वायू धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी उघडायला हात पुढे करायच्या आत माणूस खाली बसतो. दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे बाथरूममध्ये माणूस गेल्याची बातमी येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हीच गोष्ट असते. आपल्या आज्यांचा बंब पडवीत असायचा, कारण त्याचा धूर डोळ्यांना झोंबायचा. हा धूर झोंबत नाही, म्हणून आपण तो कडी लावून आत घेतला.

काका: यावर आपलं दुमत नाही. गीझर बाथरूममध्ये बसवायचाच नाही. बाहेर, मोकळ्या पडवीत, छपराखाली बसवायचा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्यायचा. दहा फूट पाइप जास्त लागतो, एवढाच खर्च. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. हवा आत यायला खाली जाळी नसेल तर पंखा उलट गीझरचा धूर खोलीत ओढतो.

पुतणी: मग आता माझा तुमच्या धंद्यावरचा आक्षेप ऐका. गीझर सारखा विझतो, म्हणून लोक मिस्त्रीला बोलावतात. मिस्त्री जास्त तापल्यावर बंद करणारा थर्मोस्टॅट काढतो, दोन वायरी एकमेकींना पिळतो, टेप गुंडाळतो आणि पैसे घेऊन जातो. ‘आता नाही विझणार’ म्हणतो. खरंच विझत नाही. तो का विझत होता, हे ना त्यानं पाहिलं, ना घरच्यांनी विचारलं. आतली पाणी तापवणारी पातळ पाती काजळीनं बुजली होती, गरम धूर वर जात नव्हता, म्हणून तो बंद होत होता. घरच्याला अडाणी ठेवल्याचा हा परिणाम आहे. तुम्ही म्हणता मिस्त्रीवर सोडा. कुठल्या मिस्त्रीवर?

काका: तुझं बरोबर आहे. अशा पिळलेल्या तारा मी अनेक गीझरांत पाहिल्या आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, काही करा पण चालू करून द्या, आणि नाही म्हटलं तर ते पुढच्या दुकानात जातं. नाही म्हणायची हिंमत धंद्यात कमी आहे. पण त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. शिकलेला मिस्त्री जर तार पिळत असेल, तर यंत्राचं थोडं कळलेला घरचा माणूस काय करील? अर्धवट माहितीनं धीर वाढतो. 2021 चा पूर आठव.

पुतणी: 22 जुलै. तो दिवस आमच्याही तालुक्याला विसरता येणार नाही. केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या, तुमच्याकडे तळिये गाव दरडीखाली गेलं.

काका: महाबळेश्वराला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि ते सगळं पाणी सावित्रीतून महाडात उतरलं. बाजारपेठेत कित्येक इमारतींच्या पहिल्या मजल्याला पाणी लागलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल, आणि त्या चिखलातून लोकांनी गीझर, शेगड्या, रेग्युलेटर काढून धुतले, उन्हात वाळवले आणि पुन्हा जोडले. सगळं गेलेल्या माणसाला ‘हेही टाकून दे’ सांगायला जीभ रेटत नाही. पण रेग्युलेटरला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं. त्यात चिखल बसला की गॅसचा दाब हवा तसा राहत नाही. आतला पडदा दिसत नाही, बाहेरून रेग्युलेटर स्वच्छ दिसतो. पुरात बुडालेला रेग्युलेटर आणि नळी वापरायचीच नाही, एजन्सीकडून बदलून घ्यायची. गीझरचं सर्किट आणि गॅसचा व्हॉल्व्ह बुडाला असेल तर तोही गीझर जोडायचा नाही. पेटला तरी नाही. हे धुवून वाळवण्याचं काम नव्हे, हे माणसाला कळायला अनुभव लागतो.

पुतणी: काका, ते कळायला अनुभव नाही लागला. तुम्ही आत्ता चार वाक्यांत सांगितलंत आणि मला कळलं. हेच कुणी 23 जुलैला गल्लीगल्लीत सांगितलं असतं तर?

काका: तेही खरं. पण सांगितलेलं ऐकून माणूस हद्दीत राहील, ही खात्री कोण देणार?

पुतणी: हद्द आखून दिली तर बरेच राहतील. आज हद्दच कुणी आखलेली नाही. सेल बदलणाराही भीत भीत बदलतो आणि काडी ओढणारा बेधडक ओढतो. दोन्ही घरांत अज्ञान तेच आहे.

काका: मग माझी हद्द लिहून घे. पाणी, जाळी, सेल, रेग्युलेटर चालू आहे की नाही, ज्योतीचा रंग, झरोका मोकळा आहे की नाही. एवढं घरच्यानं बघावं, दर महिन्याला बघावं. स्क्रू काढून आतलं झाकण उघडायची वेळ आली की थांबावं. गॅसचा वास आला तर बटण दाबू नये, पंखाही लावू नये. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, आणि 1906 ला फोन.

पुतणी: त्यात माझी एक ओळ घाला. मिस्त्री दुरुस्ती करून निघाला की त्याला विचारावं: का पेटत नव्हता, काय बदललं, आणि काढलेला भाग दाखवा. याचं उत्तर देता येत नसेल तर गीझर चालू करू नये.

काका: घातली. मी माझ्या पोरांनाही तेच सांगेन.

या दोघांपैकी कुणाच्या बाजूला उभं राहायचं, याचं माझं उत्तर सांगतो. गीझर दोन कारणांनी पेटत नाही. कधी त्याला पेटता येत नाही: सेल उतरलेले, जाळी तुंबलेली, पाण्याला जोर नाही. कधी तो पेटू देत नाही: वीस मिनिटं भरली आहेत, आतली पाती तापली आहेत, ज्योत जागेवर नाही. पहिल्या बाबतीत पुतणी बरोबर आहे, कारण ती कारणं पाहायला मिस्त्री लागत नाही आणि त्याच्या वाटेला डोळे लावून बसलेलं घर काडेपेटीकडे वळतं. दुसऱ्या बाबतीत काका बरोबर आहेत, कारण तिथे यंत्र आपला जीव राखत असतं आणि त्याच्याशी खेळ करायचा नसतो. पण या दोन अवस्था वेगळ्या ओळखता येणं, हेच निदान. आणि ते घरातल्या माणसालाच यायला हवं. रोज सकाळी कडी लावून आत जाणारा तोच आहे.

म्हणून वाचकाला एवढीच विनंती. गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढून घ्या. लगेच जमत नसेल तर झरोक्यावरचं प्लास्टिक आजच काढा, दाराला खाली जाळी बसवा आणि दोन अंघोळींच्या मध्ये दार उघडं ठेवा. शक्यतो पाणी बादलीत काढून, गीझर बंद करून मगच अंघोळीला बसा. आणि ‘आता विझणार नाही’ असं सांगून कुणी दोन तारा एकत्र पिळू लागलं, तर त्याला तिथेच थांबवा.